दुधाच्या हिशेबाशेजारचा ठिपका

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब: दीड लिटर, दोन लिटर, गवळी आला नाही त्या दिवशी फुली. गॅस कधी लावला, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं वर्षश्राद्ध. आणि दर महिन्याला एका चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या पेनाचा एक ठिपका. नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या हातचा असाच ठिपका मी याच खिळ्यावर पाहिला होता. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही, सांगावा लागलाही नाही. पुढे त्यांचे ठिपके थांबले आणि माझे चालू राहिले.

२०२१ च्या दिवाळीपर्यंत माझा ठिपका महिन्यात एकच असायचा. मग मी रोजचा दिवस मांडायला लागले, कारण पाळी संपतच नव्हती. चार दिवसांचे सात झाले, सातांचे अकरा. २०२२ च्या ऑगस्टचं पान मी जपून ठेवलंय. नागपंचमीला पहिला ठिपका आणि गोकुळाष्टमीला शेवटचा, मधल्या सगळ्या चौकटी भरलेल्या. त्या पानावर दुधापेक्षा माझाच हिशेब जास्त आहे.

मी कराड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावात पोस्टात काउंटरला असते. काउंटरवरच्या माणसाला मधेच उठून जाता येत नाही. समोर पेन्शनची रांग असते, आजी-आजोबा सकाळी नऊपासून पायरीवर बसलेले असतात. मी खुर्चीवर जुना टॉवेल चौघडी करून टाकायचे, त्यावर गडद रंगाची ओढणी. दर तासाला उठायचं म्हणजे दर तासाला कुणाची तरी बोलणी खायची. साडी सोडून काळे, मरून, जांभळे पंजाबी ड्रेस वापरायला लागले आणि बायका म्हणायच्या, हल्ली छान गडद रंग घालता हो तुम्ही.

आणि दुखणं. पाळीत पोट दुखतं हे मला तेराव्या वर्षापासून माहीत आहे, पण हे ते नव्हतं. बाळंतपणात शेवटच्या तासाला येतात तशा कळा, ओटीपोटातून निघून माकडहाडापर्यंत आणि तिथून मांड्यांत. पाळीच्या आधी चार दिवस पोट इतकं जड व्हायचं की सलवारीची नाडी सैल करावी लागायची.

अंगावरून जातं, असं आपण म्हणतो, आणि दुखणं अंगावर काढतो, असंही म्हणतो. मी दोन्ही केलं, सव्वा वर्ष. त्या काळात मला कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे. पोस्टात ड्रॉवरमध्ये एका डबीत मूठभर कोलम ठेवलेला असायचा आणि शिक्के मारता मारता मी तो चावत असायचे. गंमत म्हणून मी ही गोष्ट बहिणीला फोनवर सांगितली. ती म्हणाली, आधी रक्त तपास. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. बाईला किमान १२ असावं लागतं. लोह संपत आलं की काहींना तांदूळ, माती, खडू, बर्फ असं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गावात कितीतरी बायका तांदूळ खातात. खोड आहे म्हणून हसण्यावारी नेतो आपण सगळ्या.

गावातल्या डॉक्टरांनी ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. या गोळीबद्दल एक सांगायलाच हवं. उताको ओकामोतो नावाच्या जपानी डॉक्टरीणबाईंनी आपल्या नवऱ्याबरोबर हे औषध शोधलं, १९६२ मध्ये. बाळंतपणानंतर रक्त जाऊन मरणाऱ्या बाया वाचाव्यात, ही त्यांची तळमळ होती. गोळीने माझं जाणं थोडं आवरलं. दुखणं तसंच राहिलं.

मग जरा मोठ्या दवाखान्यात गेले. सोनोग्राफीचा कागद पाहून तिथले डॉक्टर म्हणाले, "पिशवी मोठी झालीये. मुलं किती? दोन? मग काढून टाकू." तारीखही लिहून दिली. मी खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. आजाराला काही नाव असतं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मला रडू नाही आलं, उलट हायसं वाटलं, हे मी खरं सांगते. सव्वा वर्ष जीव मेटाकुटीला आला की कुणीतरी 'काढून टाकू' म्हणणं हा उपकारच वाटतो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. जानेवारीचे दिवस, कारखाना जोरात, बीडकडच्या टोळ्या उतरलेल्या. टोळीतली एक बाई आधारवर पैसे काढायला आली. अंगठा यंत्रावर उमटेना. ऊस तोडून, पाचट ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे हे आमच्याकडे नेहमीचंच. मी तिची दहाही बोटं ओल्या फडक्याने पुसून एकेक लावून पाहत होते. डाव्या हाताची करंगळी लागली शेवटी. माझ्या मांडीवरची गरम पाण्याची पिशवी तिने पाहिली.

"पिशवी दुखती का ताई?"

मी मान हलवली.

"काढून टाका की मग. माझी तर कवाच काढली. सव्वीस वर्साची व्हते."

"का काढली?"

"दुखायचं. पांढरं जायचं. डाक्टर म्हनला क्यान्सर हुईल. आन खाडा पडला की मुकादम पैशे कापतो."

पैसे मोजून पदराच्या गाठीला बांधले आणि ती गेली. तिचं वय मला समोरच्या पडद्यावर दिसत होतं: एकतीस. पाच वर्षांपूर्वीच तिचा तो सगळा विषय संपला होता. माझी तारीख पर्समध्ये होती. त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्रेचाळीस वर्षांची, पगारी नोकरी असलेली, रजा मिळू शकणारी, इंग्रजीत रिपोर्ट वाचू शकणारी. तिला आणि मला सल्ला मात्र एकच मिळाला होता.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायका होत्या, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. देशभराच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. हे आकडे मी तेव्हा पेपरात वाचले होते आणि पान उलटलं होतं. त्या बाईची करंगळी हातात धरल्यावर ते पुन्हा शोधून वाचले.

बहिणीने कराडच्या एका मॅडमचं नाव सांगितलं. जाताना काय न्यावं सुचेना, म्हणून मी २०२२ चं अख्खं कालनिर्णय गुंडाळी करून नेलं. मॅडमनी ते टेबलावर पसरलं आणि जानेवारीपासून एकेक पान उलटत गेल्या. मधे एकदा विचारलं, "ही फुली कसली?" मी म्हटलं, "ती दुधाची." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इतकी चांगली नोंद माझ्याकडे फार कमी बायका आणतात." मला इतकं बरं वाटलं त्या वाक्याने. सव्वा वर्षात पहिल्यांदा कुणीतरी माझे ठिपके मोजत होतं.

त्यांनी आतून सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. मग कागदावर एक पेरू काढला उलटा, म्हणजे पिशवी. "घराच्या भिंतीला आतून गिलावा असतो ना, तसं पिशवीला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते सुटतं, पाळी येते, नवं लागतं. तुमच्यात हा गिलावा विटांच्या आत शिरलाय. तिथेही तो महिन्याच्या महिन्याला फुगतो, सुटतो, पण बाहेर पडायला वाट नाही. म्हणून भिंत सुजते, पिशवी गोल आणि जड होते, कळा येतात. फायब्रॉइडची गाठ असती तर सोलून काढता आली असती, हे भिंतीत मुरलंय. याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. हा कॅन्सर नाही. पाळी कायमची गेली की हा त्रासही बहुतेक विझतो."

नाव मिळालं. मी ते त्यांच्याकडून देवनागरीत लिहून घेतलं, म्हणजे चुकायला नको.

घरी येऊन महिनाभर मी रोज रात्री याच्यावर वाचत बसायचे. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये पिशवीच्या स्नायूत शिरलेल्या या अस्तराचं पहिलं वर्णन केलं. १९०८ मध्ये बाल्टिमोरच्या टॉमस कलन यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आजचं नाव आलं १९२५ मध्ये. पण मला जे टोचलं ते वेगळंच. हे वर्णन करणाऱ्यांच्या समोर ती बाई नव्हती, तिची काढलेली पिशवी होती. पुढेही कित्येक दशकं हा आजार ठरवायची रीत तीच: पिशवी काढायची, तिच्या चकत्या करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. आजाराचं नाव कळायला आधी पिशवी जावी लागायची. आतून होणारी चांगली सोनोग्राफी आणि एमआरआय आले तेव्हा कुठे पिशवी जागेवर असताना नाव सांगता यायला लागलं. उपायांचंही मग तसंच झालं असणार. पिशवी काढल्यावरच कळणाऱ्या आजाराला पिशवी न काढता उपाय करायचा हे कुणाच्या डोक्यात यायचं?

मॅडमनी तीन वाटा सांगितल्या. गोळ्या-इंजेक्शनं, ऑपरेशन, आणि हार्मोनवाली तांबी. शेवटची ऐकून माझा चेहरा पडला असावा, कारण त्या लगेच म्हणाल्या, "तांबी हा शब्द विसरा. त्यात तांबं नाहीये."

इथे मला थोडं थांबून लिहायचंय, कारण आमच्या घरात सगळं अडलं ते या शब्दापाशी. कॉपर टीला आपल्या बायका तांबी म्हणतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. पाळणा लांबवायला ती चांगली आहे, पण तिने पाळी जास्त जाते आणि दुखतं, हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. खरंच आहे ते. मॅडमनी जे दाखवलं ते दिसायला तसंच: इंग्रजी टी अक्षरासारखं, उभं-आडवं बत्तीस-बत्तीस मिलिमीटर, खाली दोन बारीक दोरे. पण दांडीवर तांब्याच्या तारेऐवजी पांढरी नळी, आणि तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन. सुरुवातीला त्यातून दिवसाला २० मायक्रोग्रॅम पाझरतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. हे हार्मोन पिशवीचं अस्तर पातळ करतं. अस्तरच वाढलं नाही तर सुटणार काय? शिवाय भिंतीत मुरलेल्या अस्तरालाही ते सुकवत नेतं. पोटातून गोळी घेतली तर औषध सगळ्या अंगभर फिरतं, इथे बरंचसं जिथल्या तिथे राहतं. एकाच आकाराच्या दोन वस्तू, एकीने जाणं वाढतं, दुसरीने आटतं. दोघींना आपण एकच नाव दिलं आणि एकीचं भय दुसरीच्या माथी मारलं.

फिनलंडमध्ये तापानी लुउक्काइनेन या डॉक्टरांनी हे साधन घडवलं ते पाळणा लांबवण्यासाठी, आणि १९९० मध्ये ते तिथे पहिल्यांदा बायकांपर्यंत पोचलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की खूप पाळी जाणाऱ्या बायकांचं रक्त जाणं तीन महिन्यांत ८६ टक्क्यांनी आणि वर्षभरात ९७ टक्क्यांनी कमी झालं. अ‍ॅडिनोमायोसिसवर १९९७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २५ बायकांवर ते वापरून पाहिलं. पुढे २०११ मध्ये तुर्कस्तानातून एक अभ्यास आला: अ‍ॅडिनोमायोसिसच्या ७५ बायका, काहींना हे साधन, काहींचं ऑपरेशन. वर्षाने पाहिलं तर हिमोग्लोबिन दोन्हीकडे सारखंच वाढलेलं. हे वाचलं तेव्हा मला त्या पहिल्या दवाखान्यातली चार मिनिटं आठवली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे साधन घातलंय. आपल्याकडे मिरेना याच नावाने ते जास्त ओळखतात, पण आपल्या देशातल्या एचएलएल या सरकारी कंपनीचंही निघतं.

आईला मी फोनवर सांगितलं तर ती दुसऱ्याच दिवशी एसटीने येऊन थडकली.

"तांबीनं जातं गं, थांबत नाही. माझ्यावर बेतली होती ती. आणि बसवून घ्यायचीच कशाला? काढून टाक एकदाची आणि सूट. मी नाही का काढली?"

तिची बाजू मला माहीत होती. धाकट्या भावानंतर तिला शिबिरात तांबी बसवली होती आणि सहा महिने ती रक्तात न्हाली होती. पुढे १९९४ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, तिची पिशवी काढली. आम्ही भावंडं तेव्हा शाळेत होतो. मला आठवतं ते एवढंच की आई पंधरा दिवस दवाखान्यात होती आणि आजीच्या हातची भाकरी जाड असायची.

"आई, तुला काय झालं होतं?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"पिशवी खराब झाली होती."

"म्हणजे काय झालं होतं?"

"खराब म्हणजे खराब. डॉक्टर म्हणाले."

पुढच्या रविवारी मी तिला सोडायला माहेरी गेले. आईच्या लोखंडी ट्रंकेत, एलआयसीच्या पॉलिश्या आणि सातबाराच्या उताऱ्यांखाली, एक पिवळी पडलेली फाइल आहे. तिच्यात तिचे कागद होते. डिस्चार्ज कार्ड, पावत्या, आणि चार घड्या घातलेला, टाइपरायटरवर टाइप केलेला तपासणीचा कागद. घडीवर शाई उडाली होती. मी तो खिडकीपाशी नेऊन वाचला. पिशवीचं वजन, लांबी-रुंदी, भिंतीची जाडी. दोन्ही नळ्या, दोन्ही बीजकोश. आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित केलेला एकच शब्द. अ‍ॅडिनोमायोसिस.

एकोणतीस वर्षं तो शब्द त्या ट्रंकेत पडून होता. आईला तो कुणी सांगितला नव्हता. आणि दुसरी गोष्ट तर मला तिला कशी सांगावी कळेना. बीजकोशांत काहीच दोष नाही असं त्याच कागदात लिहिलेलं होतं, तरी ते काढलेले होते. म्हणजे एक्केचाळिसाव्या वर्षी तिची पाळी नुसती थांबली नव्हती, तिच्या अंगातली हार्मोन एका दिवसात बंद झाली होती. रात्री उठून अंगणात जाऊन बसणारी आई मला आठवली. अंगाची लाही लाही होते म्हणायची. पौषातल्या थंडीत ओला टॉवेल मानेवर घेऊन बसायची आणि आम्हाला वाटायचं हिचं काहीतरी डोक्याचं आहे. पन्नाशीत मनगट मोडलं, साठीत दोन मणके दबले. बीजकोश लवकर काढले की हाडं लवकर ठिसूळ होतात, हे आज कुठलीही डॉक्टर सांगेल.

मी ते सगळं तिला वाचून दाखवलं, मराठीत करून. ती खाटेच्या कडेवर बसून ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वेडी नव्हते म्हणजे मी."

त्या दिवसानंतर तिने मला 'काढून टाक' कधी म्हटलं नाही.

बसवायच्या आधी मॅडमनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला होता. त्यात वावगं काही नाही हे कळल्यावरच पुढचं. दरम्यान लोहाचं सलाईन दोनदा घेतलं. २०२३ च्या पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, पाळीच्या सहाव्या दिवशी, साधन बसवलं. दुखत नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पिशवीची खोली मोजताना एक कळ आली आणि साधन आत सोडताना दुसरी, ती पहिलीपेक्षा मोठी. डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाळाला घाम. सिस्टरनी माझे पाय वर उचलून धरले आणि शेजारून कुणीतरी लिंबू-सरबत दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. तासाभराने मी स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरले.

आणि मग ते महिने आले ज्यांबद्दल कुणी पुरेसं सांगत नाही. एप्रिलच्या पानावर चोवीस ठिपके आहेत. मे महिन्यात एकवीस. पूर्वीसारखं जाणं नव्हे, नुसते तपकिरी डाग, पण रोज. छाती दुखायची, हनुवटीवर पुरळ उठलं, चिडचिड तर विचारू नका. मॅडमनी तीन ते सहा महिने असं चालेल हे बजावलं होतं, तरी जूनमध्ये मी त्यांना फोन करून म्हटलं, काढून टाका हे. त्या म्हणाल्या, "काढायला एक मिनिट लागतं, कधीही या. पण आधी मला सांगा, पॅड किती लागतात?" दिवसाला एक, तेही पातळ. "आणि कळा?" मी गप्प झाले. कळा मे महिन्यातच अर्ध्यावर आल्या होत्या आणि डागांच्या त्राग्यात ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आषाढी एकादशीला पूजेपाशी जाऊ की नको, असा प्रश्न पडला. हे डाग पाळीत धरायचे का? मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "डाग म्हंजी पाळी न्हवं. औषधाचं हाय ते. चल, ताट कर." एवढा सरळ न्याय मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता.

माझं साधन बसलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, ५ एप्रिल २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल दिला. बिहार, छत्तीसगड, राजस्थानात गरीब बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्या गेल्या, त्याविरुद्धची ती याचिका. केंद्राने २०२२ मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असं न्यायालयाने सांगितलं. वाचून बरं वाटलं. पण नियमाने नको असलेलं ऑपरेशन अडवलं, तरी त्या बाईच्या दुखण्याचं काय? ती दुखत होतीच ना? सरकारी दवाखान्यात तांबी फुकट मिळते. माझं साधन मी माझ्या पगारातून घेतलं, आणि ते तांबीच्या कित्येक पट महाग आहे. ऊसतोडीची उचल घेतलेल्या बाईने ते कुठून आणायचं? तिच्यापुढे ऑपरेशन नको असं म्हणायचं तर तिच्या हातात दुसरं काहीतरी ठेवावं लागेल, आणि ते ठेवायची जबाबदारी सरकारची आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

मी ऑपरेशनच्या विरुद्ध नाही. आमच्याच ऑफिसातल्या एका मैत्रिणीने माझं ऐकून हे साधन बसवून घेतलं, तिची पिशवी माझ्यापेक्षा मोठी होती. चौथ्या महिन्यात मोठ्या पाळीत ते बाहेर पडलं. पिशवी फार वाढलेली असली की असं होण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्यांदा बसवायची तिची तयारी नव्हती. तिने पिशवी काढून घेतली, बीजकोश ठेवून, सगळं विचारून, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन. आज ती आनंदात आहे आणि डबा खाताना मला म्हणते, तू उगाच दोऱ्याची काळजी करत बस. बरोबर आहे तिचं. मला महिन्यातून एकदा दोरा तपासावा लागतो. दोन-तीन वर्षांनी काही जणींना त्रास पुन्हा डोकं वर काढतो, तेही मॅडमनी सांगून ठेवलंय. पाच वर्षांनी हे बदलावं लागेल. मी तोवर अठ्ठेचाळीसची असेन, आणखी एकदा बसवलं की पाळी जायचं वय येईल. मी मनात तेवढाच हिशेब केलाय.

गणपतीच्या महिन्यात तीन ठिपके होते. ऑक्टोबरमध्ये एकही नाही. वर्षभरात पाचातल्या एका बाईची पाळी पूर्ण थांबते असं मॅडम म्हणाल्या होत्या. माझी तशी थांबली नाही, अधूनमधून दोन दिवस डाग दिसतात. दुखणंही शून्य नाही, पण गरम पाण्याची पिशवी कपाटात गेली. हिमोग्लोबिन ११.९. तांदळाची डबी ड्रॉवरमधून कधी गेली ते आठवतही नाही. मागच्या संक्रांतीला मी फिकट पिवळी साडी नेसून कामावर गेले आणि दिवसभर एकदाही मागे वळून पदर पाहिला नाही.

ती बीडची बाई पुढच्या हंगामात आली नाही. टोळ्या बदलतात, कारखाने बदलतात. डिसेंबरमध्ये त्या बाजूची कुणी बाई काउंटरला आली की मी बोटं पुसता पुसता विचारते, पोट दुखतं का, किती दिवस जातं. बऱ्याच जणी सांगतात. मी एका चिठ्ठीवर कराडच्या उपजिल्हा रुग्णालयाचा ओपीडीचा वार लिहून देते आणि आजाराचं नाव लिहिते, आणि सांगते, डॉक्टरला आधी विचारा, हे आहे का, आणि काढायच्या आधी दुसरं काय करता येईल.

तशीच एक चिठ्ठी आईनेही मागितली. दिवाळीला आली होती तेव्हा म्हणाली, "ते नाव मला मोठ्या अक्षरात लिहून दे." मी लिहून दिलं. चष्मा लावून तिने एकेक अक्षर सुटं करत वाचलं, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा सलग म्हणाली. मग माझ्या मावशीला फोन लावला. "अगं, माझी पिशवी खराब नव्हती झाली," ती सांगत होती, "त्याला एक नाव आहे, थांब, वाचून दाखवते." बोलणं संपल्यावर तिने ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, आणि गावी जाऊन मला कळवलं की ट्रंकेतल्या त्या टाइप केलेल्या कागदाला तिने ती टाचणीने लावून ठेवलीय.